ईसीजी कसा काढतात, आणि ती पट्टी का जपायची?

छातीत दुखू लागले की घरोघरी पहिले उपाय ठरलेले असतात. कुणी ओवा चावायला देते, कुणी लिंबू-सोडा आणून देते, कुणी ‘गॅस धरलाय’ म्हणत पाठीला बाम चोळते. तेवढ्याने बरे वाटले नाही तर गावातल्या डॉक्टरांकडे जायचे. तिथे डॉक्टर म्हणतात, ‘‘एकदा ईसीजी काढून घ्या.’’ एवढ्या एका वाक्याने घर हादरते. करंट देतात का? दुखते का? उपाशीपोटी जायचे का? पट्टीत काही निघालेच तर?

जुनी माणसे जिला ‘कार्डिओग्राम’ म्हणतात, ती ही तपासणी प्रत्यक्षात वैद्यकातल्या सर्वांत सोप्या तपासण्यांपैकी एक आहे. सुई नाही, औषध नाही, क्ष-किरण नाहीत, भूल नाही. तपासणी सोपी असली तरी तिच्या पट्टीबद्दलचे गैरसमज मात्र महागात पडू शकतात. पट्टी ‘नॉर्मल’ आली म्हणून दुखणे अंगावर काढणारे आणि यंत्राने छापलेला एक इंग्रजी शब्द वाचून रात्रभर जागणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण डॉक्टरांना भेटतात. बीडसारख्या जिल्ह्यात तर हा विषय अधिकच महत्त्वाचा आहे. इथे मोठे रुग्णालय अनेक गावांपासून लांब आहे आणि दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीसाठी अर्धे वर्ष गावाबाहेर असतात.

करंट देत नाहीत, मोजतात

हृदय हा स्नायूंचा पंप आहे आणि तो विजेच्या इशाऱ्यावर चालतो. हा इशारा बाहेरून येत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तोच दर ठोक्याला विजेची बारीकशी लहर सोडतो. शेतातल्या पाटाला पाणी सोडावे तशी ती लहर आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या गाठीपाशी क्षणभर अडते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरते. लहर जिथे पोहोचते तिथला स्नायू आकुंचन पावतो आणि रक्त पुढे ढकलले जाते.

शरीरात पाणी आणि क्षार असल्याने या लहरीचा अंश त्वचेपर्यंत येतो. त्याची ताकद साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. टॉर्चमधला एक साधा सेल दीड व्होल्टचा असतो, यावरून कल्पना यावी. ईसीजीचे यंत्र ही इवलीशी वीज मोजते आणि कागदावर रेघ काढते. यंत्राकडून शरीरात काहीही सोडले जात नाही, त्यामुळे शॉक बसण्याचा प्रश्नच येत नाही. गरोदर स्त्री, तान्हे मूल, पेसमेकर बसवलेला रुग्ण, कुणाचाही ईसीजी निर्धोकपणे काढता येतो. गरज पडली तर दिवसातून दहा वेळा काढला तरी अपाय नाही.

ही भीती मात्र जुनी आहे. माणसाच्या हृदयाची विद्युत नोंद लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये प्रथम घेतली. पुढे ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून प्रात्यक्षिक दाखवत. १९०९ मध्ये या प्रकाराबद्दल ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला, कुत्र्याला क्रूर वागणूक दिली जाते काय? कुत्रा फक्त मीठ घातलेल्या पाण्यात उभा होता, अशा आशयाचे उत्तर तिथल्या गृहमंत्र्यांना द्यावे लागले.

आज वापरात असलेल्या ईसीजीचा पाया घातला तो नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसावे लागे. पट्टीवरच्या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे त्यांनीच दिली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या बादल्यांची जागा आता चार चिमट्यांनी घेतली आहे आणि यंत्र एका हातात उचलता येते.

जाण्यापूर्वी काय करायचे?

ईसीजीसाठी उपाशी राहायची गरज नाही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणतेही औषध बंद करायचे नाही. मात्र कोणती औषधे चालू आहेत हे सांगता आले पाहिजे. नावे लक्षात राहत नसतील तर गोळ्यांची पाकिटेच सोबत न्यावीत. काही औषधांमुळे पट्टीवरच्या लाटांचा आकार बदलतो, म्हणून ही माहिती लागते.

छातीला तेल, पावडर किंवा बाम लावून जाऊ नये. चिकट त्वचेवर तारा नीट बसत नाहीत. दुखते म्हणून बाम आधीच चोळलेला असेल तर तसे सांगावे. कर्मचारी स्पिरिटने जागा पुसून घेतात. छातीवर दाट केस असतील तर तेवढ्या जागेचे केस काढावे लागू शकतात. पुढून उघडणारा सदरा किंवा ब्लाउज असला की सोपे जाते. तपासणीच्या आधी तंबाखू किंवा बिडी टाळावी, कारण निकोटिनने ठोके वाढतात. चालत, धावपळ करत आलेल्या रुग्णाने शक्य असल्यास पाच-दहा मिनिटे शांत बसावे. अर्थात छातीत दुखत असताना यातल्या कशासाठीही थांबायचे नाही. तेव्हा आहे त्या अवस्थेत ईसीजी काढायचा असतो.

दागिन्यांचा प्रश्न नेहमी निघतो. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढलीच पाहिजेत असे नाही. मंगळसूत्र बाजूला सरकवले, बांगड्या मनगटावरून वर सारल्या, पैंजण थोडे वर घेतले की बहुतेक वेळा काम भागते. धातूचा स्पर्श चिमट्याला होऊ नये, एवढेच पाहायचे.

टेबलावरची पाच मिनिटे

रुग्णाला उताणे झोपवतात. मनगटांना आणि पायाच्या घोट्यांजवळ चार चिमटे लावतात. आपल्याकडच्या यंत्रांत साधारणपणे उजव्या हाताला लाल, डाव्या हाताला पिवळी, डाव्या पायाला हिरवी आणि उजव्या पायाला काळी तार असते. छातीवर सहा ठिकाणी थंड जेली लावून छोटे रबरी फुगे चिकटवतात किंवा स्टिकर लावतात. फुग्यांनी त्वचा थोडी ओढली जाते आणि लालसर गोल वळ उठतात. ते काही वेळाने जातात. स्टिकर काढताना पट्टी ओढल्यासारखे किंचित चुरचुरते. या तपासणीतला सगळा त्रास तो एवढाच.

मग तंत्रज्ञ सांगतो, ‘‘हालू नका, बोलू नका, श्वास नेहमीसारखा घ्या.’’ यामागे कारण आहे. यंत्र केवळ हृदयाची वीज वेगळी काढू शकत नाही. हातापायाचे स्नायू ताठले, थंडीने अंग थरथरले, रुग्ण खोकला किंवा बोलला, तर त्या स्नायूंची वीजही रेघेत मिसळते आणि पट्टी खराब येते. म्हणून हात सैल सोडायचे, मुठी आवळायच्या नाहीत. थंडी वाजत असेल तर पांघरूण मागून घ्यायचे. मोबाइल खिशातून काढून बाजूला ठेवायचा.

प्रत्यक्ष नोंद साधारण दहा सेकंदांची असते. तारा लावणे-काढणे धरून सगळे पाच-दहा मिनिटांत उरकते. कधी पहिली पट्टी अस्पष्ट आली म्हणून दुसरी काढतात. दुसऱ्यांदा काढली म्हणजे काहीतरी गंभीर सापडले, असा अर्थ लगेच काढू नये.

स्त्रियांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छातीवरच्या सहा जागा ठरलेल्या आहेत आणि त्यांतल्या काही डाव्या स्तनाच्या खाली येतात. संकोचामुळे तार भलत्याच जागी किंवा कपड्याच्या आडून कशीबशी लावली, तर पट्टी चुकीची येते आणि नसलेला आजार दिसतो किंवा असलेला लपतो. म्हणून महिला कर्मचारी हवी, पडदा हवा, अंगावर चादर हवी, घरातली बाई सोबत हवी, असे मोकळेपणाने म्हणावे. तशी मागणी करणे हा रुग्णाचा हक्क आहे. संकोचापोटी तपासणीच नाकारणे मात्र जिवावर बेतू शकते.

गुलाबी चौकटींत काय लिहिलेले असते?

ईसीजीचा कागद बारीक चौकटींचा असतो आणि यंत्रातून तो सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे पाच मिलिमीटरची एक मोठी चौकट हा सेकंदाचा पाचवा भाग. दोन उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजून ३०० ला त्या आकड्याने भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. चार चौकटी असतील तर ७५. ठोके नियमित असतील तर हा हिशेब कुणालाही करता येतो.

रेघेतला पहिला छोटा उंचवटा म्हणजे पी. तो वरच्या कप्प्यांचा. मधले उंच टोकदार शिखर खालच्या कप्प्यांचे आणि त्यानंतरची टी ही गोलसर लाट म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी स्नायू पुन्हा तयार होत असल्याची खूण. शिखर आणि टी यांच्यामधला सपाट तुकडा म्हणजे ‘एसटी’. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी मोठी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली की बहुतेक वेळा हा तुकडा सपाट न राहता वर उचलला जातो. डॉक्टरांची नजर पट्टी हातात येताच आधी तिकडे जाते ती म्हणूनच.

दहा तारांमधून यंत्र बारा वेगवेगळ्या नोंदी काढते. विहिरीभोवती फिरून बारा ठिकाणांहून आत डोकावावे, तसे हे आहे. एका बाजूने न दिसलेला पडका कोपरा दुसऱ्या बाजूने दिसतो. त्यामुळे हृदयाच्या पुढच्या भागाला इजा झाली आहे की खालच्या, याचा अंदाज येतो. कधी डॉक्टर उजव्या छातीवर किंवा पाठीवरही तारा लावून पाहतात.

ठोक्यांची अनियमितता, वहनातले अडथळे, जुन्या झटक्याच्या खुणा, रक्तदाबामुळे जाड झालेला हृदयाचा स्नायू, रक्तातल्या पोटॅशियमचा धोकादायक चढउतार, अशा अनेक गोष्टींचा सुगावा या पट्टीवरून लागतो.

‘सायनस’ वाचून घाबरू नका

आजकालची यंत्रे पट्टीच्या वर स्वतःचा अंदाजही छापतात. त्यातला ‘नॉर्मल सायनस ऱ्हिदम’ हा शब्द वाचून काहीजण नाकाच्या डॉक्टरांकडे जाण्याची तयारी करतात. इथल्या सायनसचा नाकाशी संबंध नाही. ठोक्याची लहर जिथून निघायला हवी त्या सायनस गाठीतूनच ती निघते आहे, म्हणजे ठोक्यांची लय ठीक आहे, असा त्याचा अर्थ. ‘सायनस ब्रॅडिकार्डिया’ म्हणजे ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी. कष्टाची सवय असलेल्या, काटक माणसात ते अनेकदा स्वाभाविक असतात. मात्र त्यासोबत चक्कर किंवा अंधारी येत असेल तर तपासणी हवी.

यंत्राचा अंदाज चुकतोही. रुग्ण हलला, डाव्या-उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल झाली, तरी यंत्र ‘ॲबनॉर्मल’ छापून मोकळे होते. तरुण मुलांमध्ये एसटीचा तुकडा जन्मजात किंचित वर असू शकतो. म्हणून रुग्णाची तक्रार, वय, आधीचे आजार आणि पट्टी हे सगळे एकत्र पाहून डॉक्टर जे सांगतील तेच खरे. नुसत्या छापील शब्दावरून ना घाबरायचे, ना निश्चिंत व्हायचे.

याच कारणाने काहीही त्रास नसलेल्या, धोका कमी असलेल्या माणसाने ‘सहज काढून पाहू’ म्हणून ईसीजी काढण्याचा विशेष फायदा नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या तज्ज्ञ मंडळानेही २०१८ मध्ये अशा लोकांची सरसकट ईसीजी तपासणी करू नये, असा सल्ला दिला. त्यांच्यासाठी रक्तदाब आणि साखर मोजणे, तंबाखू सोडणे यांचा उपयोग कितीतरी अधिक.

नॉर्मल आला, तरीही

ईसीजीबद्दलचा सर्वांत धोकादायक गैरसमज म्हणजे एकदा नॉर्मल आला की हृदय ठणठणीत. ईसीजी हा दहा सेकंदांचा फोटो आहे. त्या दहा सेकंदांत जे घडले तेवढेच त्यात दिसते. रक्तवाहिनीत ७० टक्के अडथळा असलेला माणूस शांत झोपलेला असताना त्याची पट्टी अगदी स्वच्छ येऊ शकते, कारण त्या वेळी हृदयावर ताणच नसतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळी चढताना दुखणारी छाती टेबलावर गप्प असते. अशा वेळी डॉक्टर पट्ट्यावर चालवून घेतली जाणारी ‘स्ट्रेस टेस्ट’ सुचवतात. झडपा आणि पंपाची ताकद पाहायला ‘टू-डी इको’, मधूनच येणाऱ्या धडधडीसाठी २४ तास अंगावर बाळगायचे ‘होल्टर’ आणि अडथळा नेमका कुठे आहे हे पाहायला अँजिओग्राफी, असे प्रत्येकाचे काम वेगळे आहे. एक तपासणी दुसरीची जागा घेत नाही.

हृदयविकाराचा झटका सुरू असतानाही पहिली पट्टी नॉर्मल येऊ शकते. काही झटक्यांत एसटी वर उचललाच जात नाही. म्हणून छातीत दुखणे चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात आणि ‘ट्रोपोनिन’ ही रक्ततपासणी करतात. तीही काही तासांनी पुन्हा करावी लागते. ‘‘एकदा काढला ना, मग परत कशाला?’’ असे म्हणून रुग्णाला घरी नेणे योग्य नाही. तसेच मागच्या महिन्यातला नॉर्मल ईसीजी आजच्या दुखण्याबद्दल काहीही सांगत नाही.

घड्याळ आणि अंतर

छातीत दुखणारा रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून दहा मिनिटांत त्याचा ईसीजी निघाला पाहिजे, असा जगभरचा संकेत आहे. पट्टीत मोठा झटका दिसला तर दोन मार्ग असतात. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणार असेल तर ती उत्तम. तेवढ्या वेळात तिथे पोहोचता येणार नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर देऊन मग रुग्णाला पुढे हलवायचे. हे इंजेक्शन १२ तासांपर्यंत देता येते, पण त्याचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन-तीन तासांत होतो. रक्ताविना राहिलेला हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो आणि मेलेला भाग परत जिवंत होत नाही.

आता हे गणित बीडच्या नकाशावर मांडून पाहावे. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे १३० किलोमीटर. आष्टी-कड्याकडच्या रुग्णाची धाव अहिल्यानगरकडे, परळी, केज, धारूरकडच्या रुग्णाची अंबाजोगाई किंवा लातूरकडे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. ते उभे राहिले ते ग्रामीण रुग्णाला उपचार जवळ मिळावेत म्हणूनच. तरीही वाडी-तांड्यावरून मुख्य रस्त्यावर यायलाच अनेकांचा तास जातो. दुखू लागल्यावर सकाळपर्यंत वाट पाहिली, मग गाडी शोधली, मग थेट मोठ्या शहराचा रस्ता धरला, तर इंजेक्शनची मोलाची वेळ रस्त्यातच संपते.

म्हणून नियम सोपा ठेवावा. आधी जवळच्या, ईसीजी निघेल अशा रुग्णालयात जायचे. ते ग्रामीण रुग्णालय असो की उपजिल्हा रुग्णालय. पट्टी निघाली की पुढे कुठे आणि कसे जायचे ते डॉक्टर ठरवतील. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. रुग्णाने स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्यावे.

पट्टी वाचणारा तज्ज्ञ जवळ नसेल तरी आता अडत नाही. ईसीजी मोबाइल किंवा इंटरनेटवरून काही सेकंदांत शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो. राज्यातील ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प याच कल्पनेवर आधारलेला आहे. कल्पना तशी नवी नाही. आइंटहोवन यांनी १९०५ मध्येच दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णांचे ईसीजी टेलिफोनच्या तारेतून आपल्या प्रयोगशाळेत घेतले होते, कारण त्यांचे यंत्र रुग्णांपर्यंत नेता येण्याजोगे नव्हते.

विंचू, फवारणी आणि ईसीजी

शेतीच्या भागात ईसीजीची गरज झटक्यापुरती नसते. लाल विंचवाचे विष हृदयावर जबर ताण आणते आणि फुफ्फुसांत पाणी भरू शकते. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात बिरवाडी-महाड परिसरात काम करताना या दंशाचा हृदयावर होणारा परिणाम बारकाईने अभ्यासला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. पुढे ‘प्राझोसिन’ या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा उपयोग त्यांनी दाखवून दिला आणि असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. विंचू चावल्यावर घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. तिथे ईसीजी काढला तर तो विनाकारण काढला असे समजू नये.

कापसावर फवारणी करताना कीटकनाशक अंगात गेले, कण्हेरीच्या बिया पोटात गेल्या, तरी ठोक्यांची लय बिघडते. तेव्हाही डॉक्टर पुन्हापुन्हा पट्टी काढून लक्ष ठेवतात. लहानपणी सांध्यांच्या वाताचा ताप येऊन गेलेल्यांच्या झडपा खराब होऊ शकतात. त्यांच्या ठोक्यांत अनियमितता आली तर हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. ही अनियमितता साध्या ईसीजीत दिसते आणि वेळेत औषध मिळाले तर पक्षाघात टाळता येतो.

बायकांचे दुखणे वेगळे बोलते

झटका म्हणजे छातीवर हात धरून कोसळणारा पुरुष, हे चित्र सिनेमातले. अनेक स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती फारशी दुखतच नाही. दम लागणे, प्रचंड थकवा, मळमळ, जबडा, पाठ किंवा दोन्ही खांदे दुखणे, दरदरून घाम, एवढेच असते. पहाटेपासून ऊस तोडून मोळ्या वाहणाऱ्या बाईला ‘अंग दुखतंय, काम जास्त झालं’ असे वाटणे साहजिक आहे. घरातलेही तेच म्हणतात.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तरुण वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली तर संप्रेरकांचे नैसर्गिक संरक्षण लवकर संपते आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी कोणत्याही वयात, छातीच्या किंवा दम लागण्याच्या तक्रारीसाठी गेल्यावर, डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. ‘बाईला या वयात कसला झटका’ या समजुतीने ईसीजी लांबणीवर टाकू नये.

पट्टी सोबत हवी

ईसीजीची खरी किंमत कळते ती दुसऱ्या पट्टीच्या शेजारी ठेवल्यावर. समजा, एखाद्याच्या पट्टीत हृदयाच्या डाव्या विद्युतशाखेचा अडथळा दिसतो. दोन वर्षांपूर्वीच्या पट्टीतही तो तसाच असेल तर डॉक्टर शांतपणे पुढचा विचार करतात. आज नव्याने आला असेल आणि छातीत दुखत असेल तर धावपळ सुरू होते. जुनी पट्टी जवळ नसेल तर हे कळायला मार्ग नाही.

इथेच ऊसतोड कामगाराची अडचण आहे. पट्टी गावाकडच्या ट्रंकेत आणि माणूस कोल्हापूर, सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याच्या फडात. रात्री कोपीवर दुखू लागले तर समोरचा डॉक्टर अनोळखी आणि जुनी माहिती शून्य.

शिवाय ही पट्टी फार दिवस टिकत नाही. बहुतेक यंत्रांत उष्णतेने काळा पडणारा कागद असतो. ऊन, चुलीची धग, गाडीच्या काचेमागची जागा, प्लास्टिकची पिशवी, यांनी रेघ फिकट होते किंवा सगळा कागद काळवंडतो. जपून ठेवायची म्हणून लॅमिनेशन केले तर त्या गरम यंत्रात पट्टीच काळी होते. त्यापेक्षा त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. फोटो सावली न पाडता, कागद सपाट ठेवून, पूर्ण पट्टी येईल असा घ्यावा. नाव, वय, तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. पट्टी काढताना दुखत होते की नव्हते, हेही त्यावर लिहून घ्यावे. तो फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवावा, कारण दुखणे येते तेव्हा रुग्णाचाच फोन बंद असतो. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, तेव्हा बिऱ्हाडासोबत गोळ्यांची चिठ्ठी आणि हा फोटोही निघाला पाहिजे.

लक्षात ठेवावे असे

• छातीत दाब, जळजळ किंवा दुखणे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकले, सोबत घाम किंवा दम असेल, तर ओवा-सोड्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जावे.

• दुखणे किती वाजता सुरू झाले ती वेळ लक्षात ठेवावी. इंजेक्शनचा निर्णय त्या वेळेवर अवलंबून असतो.

• ईसीजीसाठी उपाशी राहू नये, औषधे बंद करू नयेत, छातीला तेल-बाम लावू नये.

• तपासणीत हालचाल आणि बोलणे टाळावे. स्त्रियांनी महिला कर्मचारी किंवा सोबतीण मागावी.

• पट्टी नॉर्मल आली पण दुखणे थांबले नाही, तर पुन्हा ईसीजी काढण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यांनी सांगेपर्यंत घरी परतू नये.

• पट्टीची झेरॉक्स आणि फोटो त्याच दिवशी काढावा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारण्याआधी तो दाखवावा.